बंद पट्ट्यातला बिजा

"बेटा, आधी बस. पाणी पी. मग ओरड," दिघोरे साहेब म्हणाले.

मी बसले नाही. हातातली काळी चिंधी त्यांच्या टेबलावर टाकली. चिंधी म्हणजे रोपवाटिकेतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा होता, ओल्या मातीने माखलेला. साहेबांपुढे पोह्यांची बशी होती. पोह्यांना माती लागू नये म्हणून त्यांनी ती अलगद बाजूला सरकवली. मला त्या सरकवण्याचाच जास्त राग आला.

"हे कुठून आलं, विचारा."

"कुठून आलं?"

"माझ्या बंद पट्ट्यातून. बिज्याच्या रोपाच्या बुडाशी होतं."

"वाऱ्याने येतं गं प्लॅस्टिक. आजकाल कुठे नसतं?"

"मातीच्या आत येतं वाऱ्याने? मुळांभोवती गुंडाळून बसतं?"

साहेबांनी चमचाभर पोहे खाल्ले, सावकाश चावले आणि रुमालाने ओठ टिपले. हा माणूस कधीच आवाज चढवत नसे. समोरचा पेटला की त्याला आणखी थंडपणा यायचा, आणि त्या थंडपणाने समोरचा आणखी पेटायचा.

मी तेव्हा वन खात्याच्या संशोधन केंद्रात साहाय्यक होते आणि दिघोरे साहेब केंद्राचे प्रमुख. इंदुमती कापगते, वय तिशीच्या आत, राग नाकाच्या शेंड्यावर. राग आजही तिथेच आहे, फक्त शेजारी आता चष्मा येऊन बसलाय.

आमचं काम बोदलटोला नावाच्या गावामागच्या टेकडीवर चालायचं. प्रश्न साधा होता. गावची ढोरं चरतात म्हणून जंगलात नवी झाडं येत नाहीत, असं खातं म्हणत होतं. खरंच तसं आहे का, ते बघायचं होतं. त्यासाठी एकाच उतारावर, एकाच मातीत, शेजारी शेजारी दोन पट्टे आखले होते. एकाला तारेचं कुंपण; आत ढोर जायचं नाही. तो बंद पट्टा. दुसरा खुला, गावची ढोरं तिथे नेहमीसारखी चरायची. दोन्हीकडे आम्ही काही पेरायचं नाही, काही लावायचं नाही. जंगल आपणहून काय करतं ते वर्षानुवर्षं बघायचं, मोजायचं, बस्स. कुंपणाच्या फाटकावर मी स्वतः पाटी रंगवली होती : 'पट्ट्यातल्या रोपाला हात लावू नये.' त्या पाटीपायी मी केंद्रातल्या शिपायापासून मोठ्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांशी भांडले होते.

पहिली काही वर्षं बंद पट्टा जोरात होता. बिज्याची रोपं टरारून आली. बिजा म्हणजे सोन्यासारखं लाकूड, आणि ढोरांना त्याचा पाला भारी आवडतो. दिघोरे साहेब हरखून गेले होते. चराई बंद केली की जंगल वाचतं, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं होतं, त्यावर भाषणं दिली होती, बढत्या घेतल्या होत्या. मग बंद पट्ट्यातलं गवत कमरेला लागलं. एका उन्हाळ्यात कोणीतरी मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवला आणि ती आग टेकडी चढली. वाळलेल्या गवताचा भडका उडाला आणि बंद पट्ट्यातली रोपं मुळांपर्यंत भाजून निघाली. खुल्या पट्ट्यात ढोरांनी गवत खाऊन ठेवलेलं होतं, आगीला धरायला काही नव्हतं. तिथली रोपं खुजी होती, शेंडे खाल्लेली होती, पण जिवंत होती. प्रत्येक जंगलात असंच होईल असं मी कुठेही म्हटलं नाही. या टेकडीवर असं झालं, एवढंच लिहिलं. साहेबांनी तो अहवाल वाचून "पुन्हा एकदा बघ, बेटा" असं म्हणून परत दिला होता.

आणि आता दसरा तोंडावर आलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरहून मोठे साहेब पट्टे बघायला येणार होते. पट्टे बघून अख्खी टेकडी चराईला बंद करायच्या प्रस्तावावर ते सही करणार होते. बोदलटोल्याला दुसरं रान नव्हतं. टेकडी बंद झाली की ढोरं बाजारात, एवढा सरळ हिशेब होता. मोजणी पाऊस संपल्यावरच व्हायची, त्यामुळे पावसाळाभर मी तिकडे फिरकले नव्हते. तयारी बघायला म्हणून त्या दुपारी टेकडीवर गेले, तर जळालेल्या बंद पट्ट्यात बिज्याची रोपंच रोपं. सगळी एका उंचीची, गुळगुळीत, जणू एकाच दिवशी शाळेत घातलेली. जंगलातलं बिज्याचं रोप असं नसतं. ते दर उन्हाळ्यात वरून वाळतं आणि पावसात पुन्हा खालून फुटतं. त्याच्या बुडाशी मागच्या वर्षीचा वाळका खुंट असतोच. इथे एकालाही खुंट नव्हता. मी वाकून बोटाने माती उकरली आणि बोटाला प्लॅस्टिक लागलं.

"साहेब, तुम्ही रोपवाटिकेतली रोपं आणून लावलीत," मी म्हटलं.

"लावली," ते म्हणाले. "ओरडू नकोस, बाहेर ड्रायव्हर आहे."

ते इतक्या सहज कबूल करतील असं मला वाटलं नव्हतं.

"आता शांतपणे ऐक. आग लागली नसती तर त्या पट्ट्यात रोपं असती की नसती?"

"असती."

"मग? जी जळाली तेवढीच मी परत लावली. एक जास्त नाही. आग हा अपघात होता, बेटा. अपघाताला शास्त्रात जागा नाही."

"आग या जंगलात दर दोन-चार वर्षांनी लागते! तीच तर इथली—"

"तुझी पीएच.डी. याच पट्ट्यांवर आहे ना?" त्यांनी बशी पुन्हा समोर ओढली. "उद्या तू उठून सांगणार, पट्टा नासला. मग तुझ्या हातात काय उरतं? इतक्या वर्षांची मोजमापं चुलीत घालशील? अहवाल तुझ्या नावाने जाऊ दे. मी कुठे श्रेय मागतोय?"

"आणि मी उद्या सगळ्यांदेखत एक रोप उपटून दाखवलं तर?"

साहेब हसले. त्या हसण्यात खरंच माया होती, आणि त्याचीच मला शिसारी आली.

"पट्ट्यातल्या रोपाला हात लावायचा नाही. पाटी कोणी रंगवली? तूच ना?"

मी तिथून तशीच निघाले. माझाच नियम त्यांनी आपल्या खोटेपणाला कुंपण म्हणून लावला होता.

गावाकडे उतरले तेव्हा ऊन कलत होतं. गावाच्या कडेला आखर आहे, म्हणजे ढोरं गोळा करायची मोकळी जागा. भिवराबाई नेवारे ढोरं घेऊन नुकत्याच परतल्या होत्या. त्या बोदलटोल्याच्या गायकी. गावची सगळी ढोरं त्याच चारायला न्यायच्या. नवरा गायकी होता, तो गेल्यावर लोक म्हणाले बाईमाणसाला हे काम जमायचं नाही. भिवराबाई दुसऱ्या दिवशी काठी घेऊन आखरावर उभ्या राहिल्या आणि विषय संपला. पहिल्या वर्षी त्यांचा एक गोऱ्हा तार तोडून बंद पट्ट्यात शिरला होता, तेव्हा मी त्यांना वाटेल ते बोलले होते. तेव्हापासून त्या पट्ट्याची राखण माझ्यापेक्षा त्याच जास्त करायच्या.

"भिवराबाई, बंद पट्ट्यात कोणी आलं होतं का? पावसाळ्यात?"

"आलते ना जी. ट्रॉली आलती. मानसं आपल्या गावची नोहोती. दोन रोज गड्डे खंदत होते." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "मले वाटलं तुमीच बलावले. नोहोते बलावले?"

"नाही."

"मंग कोनं बलावले?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, उद्या काय होणार तेही. एक गाय भिवराबाईंच्या खांद्याला तोंड घासत होती, तिला त्यांनी ढकललं.

"बाई, त्या तारेच्या आत गवत कमरेएवढं होतं," त्या म्हणाल्या. "वैशाखात माह्या ढोरायच्या पोटाले खड्डे पडलते. ते तारेपाशी जाऊन उभी राहात. अन् म्या त्यायले काठ्या मारल्या. का, तं मॅडमची शाळा हाय ते. खरं काय अन् खोटं काय, ते कयते तिथं. मायबाईच्यान, माह्या हातानं मारल्या म्या काठ्या." त्यांचा आवाज चढत गेला. "अन् तुमच्या साहेबानं तिथं बजारातले झाडं आनून गाडले?"

"हो."

"मंग तुमी काय करता उद्या?"

"बघते."

"बघता?" त्या थुंकल्या, माझ्याकडे नाही, बाजूला. "ढोरं इकून झाल्यावर आमी बी तेच करनार हावो. बघत बसनार."

सकाळी टेकडीचं लग्नघर झालं होतं. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेषा, दगडांना गेरू, उतारावर छोटा मांडव, त्यात खुर्च्या. गावातल्या माणसांना हार घेऊन खाली बसवलं होतं. ज्यांच्या ढोरांवर कुऱ्हाड पडायची त्यांनीच हार घालायचा, अशी खात्याची रीत. भिवराबाई हाराशिवाय आल्या होत्या. ढोरं त्यांनी टेकडीच्या पायथ्याशी अडवून ठेवली होती.

मोठे साहेब उंच, देखणे, निवृत्तीला आलेले. आयुष्यभर जंगलात काढलेला माणूस. गाडीतून उतरताच त्यांनी समोरच्या ऐनाच्या झाडाला थोपटलं. त्यामुळे मला आशा वाटली. ज्याला झाड कळतं त्याला खोटं रोपही कळेल, अशी माझी समजूत होती.

दिघोरे साहेबांनी फाटक उघडलं. "सर, हा बंद पट्टा. आग लागून गेल्यावरसुद्धा केवळ चराई नाही म्हणून बिज्याचं हे असं पुनरुत्पादन. कापगते मॅडमची मेहनत आहे सगळी."

मोठे साहेब एका रोपापाशी थांबले. मग दुसऱ्यापाशी. त्यांनी चष्मा वर केला आणि खाली घेतला.

"नैसर्गिक आहे हे?" त्यांनी विचारलं.

"संपूर्ण नैसर्गिक, सर," दिघोरे म्हणाले.

"नाही," मी म्हणाले.

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. खाली बसलेल्या माणसांनी माना वर केल्या.

"मॅडम जरा थकल्यात, सर. गेले आठ-पंधरा दिवस—"

"साहेब, एक रोप उपटून बघा," मी म्हटलं.

"अगं, पाटी काय लिहिली आहेस?" दिघोरे हसत सगळ्यांकडे बघत म्हणाले. "सर, या पाटीवरून हिने मलाही एकदा बाहेर काढलंय. आणि आता स्वतःच—"

"पाटी माझी आहे. मोडतेही मीच."

मी वाकले. इतक्या वर्षांत त्या कुंपणाच्या आत मी एक पान तोडलं नव्हतं. पान गळून पडलं तर ते कुठे पडलं हेसुद्धा बघायचं, असं ते काम होतं. दोन बोटांत रोप धरलं आणि ओढलं. ते लोण्यातून सुरी निघावी तसं निघालं. मुळांसकट, मातीच्या गोळ्यासकट, आणि गोळ्याभोवती काळी पिशवी, जशीच्या तशी. मजुरांनी ती फाडायचेही कष्ट घेतले नव्हते. मी दुसरं उपटलं. त्यालाही पिशवी. तिसऱ्याची पिशवी फाडली होती, पण मूळ आत गोल गोल फिरून त्याची चुंबळ झाली होती. तिन्ही रोपं मी मोठ्या साहेबांच्या हातात दिली.

दिघोरे साहेबांचा चेहरा प्रथमच उतरलेला मी पाहिला, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

मोठ्या साहेबांनी रोप उलटंपालटं करून पाहिलं. पिशवी चिमटीत धरली. त्यांना सगळं कळलं होतं. तो चेहरा न कळलेल्या माणसाचा नव्हता. मग त्यांनी ते रोप दिघोऱ्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले,

"दिघोरे, पिशवी काढायला सांगत जा मजुरांना. अशाने जगण्याचं प्रमाण घटतं."

आणि हात झटकून मांडवाकडे चालू लागले.

त्या वाक्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. त्यांचा आक्षेप खोट्याला नव्हताच. खोटं नीट लावलं नाही, एवढंच त्यांना खटकलं होतं.

"साहेब!" मी ओरडले. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला असं मागून कोणी ओरडत नाही. ते थांबले. "खुला पट्टा राहिलाय बघायचा."

"अहवालात वाचतो मी."

"अहवालात नको. इथेच आहे, दहा पावलांवर. चहा गरम राहील तोवर."

समोर अख्खं गाव बसलं होतं. गर्दीत एक वार्ताहरही होता, त्याला खात्यानेच फोटोसाठी बोलावलेलं. मोठे साहेब नाइलाजाने वळले. मी त्यांना खुल्या पट्ट्यात नेलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. चुना नाही, गेरू नाही, शेणाचे पो पडलेले. गवत इतकं आखूड की बोट बुडू नये. मधे एक बिज्याचं रोप, गुडघ्याएवढंही नाही, शेंडा खाल्लेला, बुडाशी दोन-तीन वाळके खुंट. अगदीच केविलवाणं दिसत होतं ते.

"हे उपटा, साहेब."

"मॅडम, तुम्ही मर्यादा—"

"ते मी दोन बोटांनी काढलं. हे तुम्ही काढा. निघालं तर मी आत्ता, याच मांडवात, तुम्हाला हव्या त्या कागदावर सही करते."

त्यांना वाटलं असेल, एवढंसं रोप. काढावं आणि प्रकरण मिटवावं. ते वाकले. एका हाताने ओढलं. मग दोन्ही हातांनी. मग पाय रोवले. टोपी पडली. मानेच्या शिरा टरारल्या. वर्षानुवर्षं वरचं खाल्लं गेलं की बिजा सगळी ताकद खाली साठवतो. एवढ्याशा रोपाचं मूळ मनगटाएवढं जाड असतं आणि पार मुरमात उतरलेलं असतं. हे त्या माणसाला माझ्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. तरी तो ओढत होता. शेवटी पाला हातात आला आणि साहेब दोन पावलं मागे गेले. रोप जिथल्या तिथे.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळं गाव नुसतं बघत होतं.

"झालं तुमचं बघून?" भिवराबाईंचा आवाज आला. "का आनखी बघता?"

मोठ्या साहेबांनी टोपी उचलली, झटकली आणि चहा न घेता गाडीत बसले. दिघोरे मागोमाग धावले. जाता जाता माझ्यापाशी थांबून हलक्या आवाजात म्हणाले, "पट्टा तूच नासवलास, बेटा. मी तर सांभाळत होतो."

मी फाटकाजवळ गेले, पाटी उखडून खाली टाकली. मग कुंपणाची तार खांबापासून सोडवायला लागले. हातांना ओरखडे आले, रक्त आलं. भिवराबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"काय करता जी?"

"सोडा."

"काय?"

"ढोरं सोडा आत. आता इथे मोजण्यासारखं काही राहिलं नाही."

त्यांनी पायथ्याकडे तोंड करून एक लांब आरोळी दिली. ढोरं वर आली, तारेच्या जागेशी येऊन थबकली. इतक्या वर्षांच्या काठ्या त्यांच्या अंगात होत्या. भिवराबाईंनी आपली काठी गवतात टाकून दिली आणि पुढच्या गायीच्या पाठीवर हात ठेवून तिला आत नेलं. मग बाकीची शिरली. संध्याकाळपर्यंत रोपवाटिकेतला सगळा बिजा फस्त झाला. ढोरं एकेक रोप पिशवीसकट उपसत होती, पाला खात होती आणि पिशव्या तिथेच टाकत होती. टेकडीवर काळ्या पिशव्यांचा सडा पडला. माझी पीएच.डी. त्याच संध्याकाळी संपली.

टेकडी बंद झाली नाही. एवढ्या लोकांदेखत जे झालं त्यानंतर त्या प्रस्तावावर सही करायला कोणी धजलं नाही. बोदलटोल्याची ढोरं अजून तिथेच चरतात. माझी बदली बियाणांच्या गोदामात झाली, आणि तिथून फिरत फिरत मी वनरक्षकांच्या प्रशिक्षण केंद्रात आले. मोठे साहेब मानाने निवृत्त झाले. दिघोऱ्यांना मुदतवाढ मिळाली.

मी केंद्रात आले त्याच वर्षी खात्याची नवी मार्गदर्शिका निघाली. तिच्यात एक कलम नवं होतं : 'बंद क्षेत्रात रोपे लावताना पिशवी पूर्णपणे काढावी. पिशवीचा कोणताही अंश जमिनीत राहणार नाही याची दक्षता घ्यावी.' माझ्या टेकडीवरच्या सगळ्या वर्षांतून खात्याने शिकून घेतलं ते एवढंच.

हे कलम मला दरवर्षी शिकवावं लागतं. परीक्षेत हमखास येतं, म्हणून मुलं-मुली खाली मान घालून उतरवून घेतात. मी सांगून झाल्यावर थोडी थांबते. एखाद्या वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, "मॅडम, पण बंद क्षेत्रात रोपं आपोआप यायला पाहिजेत ना? मग लावायची कशाला?" त्या दिवशी मी पुस्तक मिटते आणि अख्ख्या तुकडीला घेऊन जंगलात जाते.

ज्या वर्षी कोणीच विचारत नाही, त्या वर्षी मी घरी येऊन पायातल्या चपला भिंतीवर फेकते.